शिफ्ट किट (स्वयंचलित गिअरबॉक्स)

शिफ्ट किट हा स्वयंचलित गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत बसवावयाचा सुट्या भागांचा संच होय. स्प्रिंगा, झडपा, लहान छर्रे, गॅस्केट, छिद्रांचा पोलादी पत्रा आणि काही संचांत ठरावीक मापाची ड्रिल-पाती असे त्याचे स्वरूप असते. गिअर बदलताना क्लच प्लेटा किती वेगाने व किती दाबाने एकमेकींना पकडतात हे या भागांमुळे बदलते. परिणामी गिअर बदलण्याची क्रिया कमी वेळात पूर्ण होते, प्लेटांची घसरण घटते व त्यातून निर्माण होणारी उष्णताही कमी होते. ओझे वाहणाऱ्या किंवा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या गिअरबॉक्सची पुनर्बांधणी करताना असा संच बसवण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ आहे. तेथे 'ट्रक' या शब्दात मालवाहू पिकअप गाड्यांचाही समावेश होतो.

शिफ्ट किट म्हणजे नवा गिअरबॉक्स नव्हे. जळालेल्या प्लेटा, झिजलेला पंप किंवा फाटलेली ऑइल सील यांवर तो उपाय ठरत नाही. सुस्थितीत असलेल्या अथवा नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्सचे आयुष्य वाढवणे हाच त्याचा मुख्य उपयोग आहे.

पार्श्वभूमी

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत चालक पायाने क्लच दाबतो, दांडा सरकवतो आणि क्लच सोडतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ही तिन्ही कामे तेलाच्या दाबाने होतात. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये कोरड्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. द्रवाच्या साहाय्याने शक्ती वाहून नेणाऱ्या या साधनाचे मूळ पेटंट जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये घेतले. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये जाहीर केलेला आणि ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या गाड्यांत दिलेला 'हायड्रामॅटिक' हा मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या काही हलक्या रणगाड्यांतही त्याचा वापर झाला.

पुढे क्रायस्लरचा 'टॉर्कफ्लाइट', जनरल मोटर्सचे 'टर्बो हायड्रामॅटिक ४००' (१९६४) व '३५०' (१९६९) हे तीन गतींचे गिअरबॉक्स अमेरिकी ट्रकांत सर्वत्र दिसू लागले. १९८० च्या दशकात '७००आर४' हा चार गतींचा गिअरबॉक्स आला. त्यानंतर फोर्डचा 'ई४ओडी' (१९८९) आणि जनरल मोटर्सचे '४एल८०ई' (१९९१) व '४एल६०ई' (१९९३) यांत गिअर बदलाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. या गिअरबॉक्सची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या गरजेतून सुट्या भागांच्या संचांचा व्यवसाय उभा राहिला. 'शिफ्ट किट' हे मुळात ट्रान्सगो या अमेरिकी कंपनीचे व्यापारचिन्ह असले, तरी व्यवहारात हे नाव अशा सर्वच संचांसाठी वापरले जाते.

गिअर बदलण्याची यंत्रणा

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ग्रहीय दंतचक्रांचे संच असतात. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांत बाहेर आतील बाजूस दाते असलेले कडे, अशी त्यांची रचना असते. यांपैकी कोणता भाग धरून ठेवायचा आणि कोणता फिरू द्यायचा यावर गिअरचे गुणोत्तर ठरते. भाग धरून ठेवण्याचे किंवा एकमेकांशी जोडण्याचे काम तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचे गट आणि पोलादी पट्टे करतात.

इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. या मुख्य दाबाचे नियमन प्रेशर रेग्युलेटर झडपेमार्फत होते. तीन गतींच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये हा दाब इंजिन मंद चालत असताना साधारण ६० ते ७० पाउंड प्रति चौरस इंच, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सुमारे १५० पाउंड असतो. किलोग्रॅमच्या मापात हा वरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे १०.५ किलोग्रॅम होतो.

गिअर केव्हा बदलायचा हे दोन दाबांच्या स्पर्धेतून ठरते. गाडीच्या वेगानुसार वाढणारा गव्हर्नरचा दाब झडपेला वरच्या गिअरकडे ढकलतो. ॲक्सिलरेटर दाबल्याने वाढणारा थ्रॉटलचा दाब आणि स्प्रिंग तिला मागे रेटतात. गव्हर्नरचा दाब वरचढ ठरला की झडप सरकते आणि पुढील गिअरच्या क्लचकडे तेल वाहू लागते. चढावर ॲक्सिलरेटर अधिक दाबलेला असल्याने गिअर उशिरा बदलतो, तर सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना तो लवकर बदलतो. त्याचे कारण ही स्पर्धाच आहे.

झडप सरकल्यानंतर गिअर कसा बदलतो हा वेगळा प्रश्न आहे आणि शिफ्ट किटचा संबंध मुख्यतः त्याच्याशीच येतो. क्लचकडे जाणारे तेल सेपरेटर प्लेट नावाच्या पोलादी पत्र्यातील लहान छिद्रातून जाते. त्या तेलाचा काही भाग ॲक्युम्युलेटरमध्ये शिरतो. स्प्रिंग बसवलेला हा दट्ट्या दाबाला हळूहळू चढू देतो. अशा रीतीने छिद्राचा आकार, ॲक्युम्युलेटरची स्प्रिंग व मुख्य दाब या तिन्ही गोष्टी मिळून बदल मऊ होणार की घट्ट, हे ठरवतात.

मऊ बदलाची किंमत

प्रवाशाला गिअर बदललेला जाणवू नये अशी गाडीच्या उत्पादकाची अपेक्षा असते. त्यासाठी क्लच प्लेटांना काही क्षण घसरू दिले जाते. रिकाम्या गाडीत या घसरणीने फारसे नुकसान होत नाही. ओझे लादलेल्या ट्रकमध्ये मात्र तीच घसरण घातक ठरते, कारण घसरणीतून निर्माण होणारी उष्णता ही वाहून नेला जाणारा टॉर्क, प्लेटांच्या वेगातील फरक आणि घसरणीचा कालावधी यांच्या गुणाकाराएवढी असते.

कल्पना यावी म्हणून एक सोपे उदाहरण घेता येईल. क्लचवर ३०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, वेगातील सरासरी फरक सेकंदाला १०० रेडियन आहे आणि घसरण ०.६ सेकंद टिकते, असे मानल्यास एका बदलात १८ हजार ज्यूल उष्णता निर्माण होते. कालावधी ०.४ सेकंदावर आणल्यास ती १२ हजार ज्यूल होईल. इंजिनाचा वेग खाली आणताना जी ऊर्जा क्लचला शोषावी लागते ती या हिशेबात धरलेली नाही. ती पूर्णपणे टळत नसल्याने प्रत्यक्षातील बचत काहीशी कमी असते. तरीही दिवसातून शेकडो वेळा गिअर बदलणाऱ्या गाडीत हा फरक साचत जातो.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे तेल. गिअरबॉक्समधील तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणे अपेक्षित असते. त्यापुढे दर ११ अंशांच्या वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातील ढोबळ ठोकताळा आहे. तेल काळवंडले, त्याला जळका वास आला की प्लेटांवरील घर्षणथर सुटू लागतो, त्याचा गाळ झडपांत अडकतो आणि बिघाडांची साखळी सुरू होते.

संचातील भाग व त्यांचे कार्य

प्रेशर रेग्युलेटरची अधिक ताठ स्प्रिंग मुख्य दाब काही प्रमाणात वाढवते. ॲक्युम्युलेटरच्या बदललेल्या स्प्रिंगा दाब चढण्याचा वेळ कमी करतात. काही संचांत एखादा ॲक्युम्युलेटर पूर्णपणे बंद करण्याची सोय असते, पण असा संच शर्यतीच्या गाडीसाठी असून रोजच्या मालवाहतुकीला तो सहसा सुचवला जात नाही.

सेपरेटर प्लेटवरील छिद्रे मोठी करणे ही सर्वांत परिणामकारक आणि म्हणूनच सर्वांत जपून करावयाची क्रिया आहे. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ मिलिमीटरचे छिद्र ३ मिलिमीटर केले, तर व्यास दीडपट होतो, पण तेल जाण्याची वाट सव्वादोन पट रुंद होते. म्हणूनच अंदाजाने पाते निवडणे धोक्याचे असते. संचासोबतच्या सूचनांत प्रत्येक छिद्राचे माप आणि ते कोणत्या वापरासाठी आहे, हे दिलेले असते.

छर्रे हे एकदिशा झडपांचे काम करतात. क्लच भरताना तेल लहान छिद्रातून हळू जावे, पण क्लच सुटताना ते मोठ्या वाटेने त्वरित परतावे, अशी योजना त्यांच्यामुळे साधते. काही संच बसवताना मूळ छर्ऱ्यांपैकी एखादा काढून टाकावा लागतो. प्रत्येक छर्ऱ्याची जागा गिअरबॉक्सच्या प्रकारानुसार वेगळी असते.

पुनर्बांधणी केलेल्या गिअरबॉक्समध्ये किट बसवणे

गिअरबॉक्स खाली उतरवलेला असताना किट बसवणे सर्वांत सोयीचे असते. गाडीखाली झोपून तळाचे तेलपात्र सोडवूनही हे काम करता येते, परंतु तेल वरून ठिबकत राहते आणि छर्रे जागेवर धरणे अवघड जाते. गाडी वर उचलायची असल्यास केवळ जॅकवर विसंबून चालत नाही. भक्कम घोड्यांचा आधार आवश्यक असतो.

प्रथम गिअरबॉक्सचा नेमका प्रकार व उत्पादनवर्ष निश्चित करतात. एकाच नावाच्या गिअरबॉक्समध्ये वर्षागणिक सेपरेटर प्लेट व गॅस्केट बदललेले आढळतात. पुनर्बांधणीत नव्या घर्षण प्लेटा बसवण्यापूर्वी त्या तेलात भिजवून ठेवतात. टॉर्क कन्व्हर्टर बदलतात किंवा दुरुस्त करून घेतात आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या आतून धुतात. जुन्या प्लेटांचा गाळ कूलरमध्ये राहिला, तर नव्या गिअरबॉक्समध्ये तोच प्रथम शिरतो.

व्हॉल्व्ह बॉडी बसवण्यापूर्वी कवचातील वाटांतून बेताच्या दाबाची हवा सोडून प्रत्येक क्लच तपासला जातो. प्लेटा आवळल्याचा स्पष्ट आवाज आला आणि हवा गळत नसली, तर सील योग्य बसली असे समजते. ही चाचणी टाळली, तर आतील गळतीचा दोष पुढे किटवर ढकलला जातो.

व्हॉल्व्ह बॉडी उघडण्याआधी छायाचित्र किंवा आकृती काढून छर्ऱ्यांच्या जागा नोंदवतात. झडपा व स्प्रिंगा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने स्वच्छ ताटात मांडतात. धुतलेली झडप आपल्या छिद्रात बोटाचा जोर न देता स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे. पुसण्यासाठी धागे सुटणारे फडके वापरत नाहीत, कारण एक धागाही झडप अडकवण्यास पुरेसा असतो.

सेपरेटर प्लेटला छिद्र पाडल्यावर त्याच्या कडांवरील बारीक धातू घासून काढतात आणि पत्रा सपाट असल्याची खात्री करतात. मूळ पत्रा टाकून देऊ नये, असा अनुभवी कारागिरांचा आग्रह असतो. मोठे केलेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. नवी गॅस्केट पत्र्यावर ठेवून प्रत्येक छिद्र उघडे राहते का, हे उजेडासमोर धरून पाहिले जाते. वरची व खालची गॅस्केट दिसायला सारखी असली, तरी त्यांची अदलाबदल केल्यास एखादी वाट बंद होऊ शकते.

छर्रे जागेवर राहावेत म्हणून त्यांना थोडे व्हॅसलिन लावतात. ते गरम तेलात विरघळते. चाकाच्या बेअरिंगचे जाड ग्रीस या कामी वापरत नाहीत, कारण ते लहान वाटा तुंबवते. बोल्ट मध्यापासून कडेकडे टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळले जातात. त्यांचे माप प्रकारानुसार साधारण ११ ते १८ न्यूटन-मीटर, म्हणजे चाकाच्या नटांच्या तुलनेत अगदीच थोडे, असते. हाताच्या अंदाजाने अधिक आवळल्यास ॲल्युमिनियमचे कवच वाकते व झडपा अडकतात.

तेल भरणे आणि चाचणी

ठरावीक तेल भरून गाडी सुरू केल्यावर ब्रेक दाबून दांडा प्रत्येक स्थितीत काही क्षण ठेवतात आणि मग पातळी तपासतात. बहुतेक गिअरबॉक्समध्ये अंतिम पातळी तेल गरम असताना व इंजिन चालू ठेवून पाहावयाची असते. पातळी कमी असल्यास पंप हवा ओढतो. ती जास्त असल्यास फिरते भाग तेलाला फेस आणतात. दोन्ही प्रकारांत दाब घटतो.

यानंतर दाबमापक जोडून इंजिन मंद असतानाचा आणि भाराखालील दाब मोजला जातो. '७००आर४' सारख्या प्रकारात थ्रॉटलची तार योग्य जुळवणे अत्यंत महत्त्वाचे असते. ती सैल राहिली, तर भार वाढूनही दाब वाढत नाही आणि नव्या प्लेटा अल्पावधीत जळू शकतात. कष्टाने केलेली पुनर्बांधणी केवळ या एका तारेमुळे वाया गेल्याची उदाहरणे या व्यवसायात सुपरिचित आहेत.

रस्त्यावरील चाचणीत काही लक्षणे दोषाची दिशा सांगतात. दोन गिअरांच्या मधल्या क्षणी इंजिनाचा वेग अचानक वाढला, तर पुढील क्लच उशिरा भरतो आहे असे समजावे. गाडीला ब्रेक लागल्यासारखा अडथळा जाणवला, तर जुना क्लच सुटण्याआधीच नवा पकडतो आहे. चुकीच्या जागी बसलेला किंवा राहून गेलेला छर्रा हे त्याचे एक कारण असू शकते. हलक्या पायानेही प्रत्येक बदलाला जोरदार झटका बसत असल्यास दाब अथवा छिद्र प्रमाणाबाहेर मोठे झालेले असते. यांपैकी कोणत्याही लक्षणाकडे दुर्लक्ष करून गाडी कामाला जुंपणे हानिकारक ठरते.

मर्यादा व गैरसमज

झटका जितका मोठा तितका गिअरबॉक्स मजबूत, हा समज चुकीचा आहे. किटचे उद्दिष्ट घसरण कमी करणे हे आहे, झटका देणे हे नाही. अतिरिक्त दाबामुळे पंपावर भार येतो. ॲक्युम्युलेटरचे दट्टे, क्लचचे ड्रम व प्रोपेलर शाफ्टचे सांधे यांनाही इजा होऊ शकते. ओल्या रस्त्यावर रिकाम्या पिकअपची मागची चाके गिअर बदलताच घसरण्याचा धोकाही वाढतो.

संगणकनियंत्रित गिअरबॉक्समध्ये गिअर बदलण्याची वेळ संगणक ठरवतो. तेथे किटमुळे मुख्यतः बदलाचा दर्जा सुधारतो. असा संगणक जुन्या घसरणीनुसार दाब जुळवून घेण्यास शिकलेला असल्याने किट बसवल्यानंतर त्याची साठवलेली मूल्ये पुसून नव्याने जुळवणी करावी लागू शकते.

भारतातील स्थिती

भारतातील मालवाहू ट्रक प्रदीर्घ काळ हाताने गिअर बदलण्याच्या पद्धतीचेच राहिले. त्यामुळे येथील फिटरांचे कौशल्य सिंक्रोनायझर, दंतचक्रे व कोरडा क्लच यांभोवती विकसित झाले. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमुळे आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या टेल्कोच्या कारखान्यामुळे महाराष्ट्र वाहन उद्योगाचे मोठे केंद्र बनला. तरीही टॉर्क कन्व्हर्टरयुक्त गिअरबॉक्स प्रामुख्याने खाणींतील डंपर, शहरांतील काही निम्नतळ बस आणि महाग प्रवासी गाड्या यांपुरतेच मर्यादित राहिले. अलीकडे आयसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून टोयोटा हायलक्स या पिकअप गाड्या अशा गिअरबॉक्ससह उपलब्ध झाल्या.

येथे एक फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. 'ऑटोमॅटिक' या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक भारतीय मोटारी आणि काही ट्रक प्रत्यक्षात एएमटी प्रकारचे असतात. त्यांत नेहमीचाच गिअरबॉक्स व कोरडा क्लच असून तो दाबण्याचे आणि दांडा सरकवण्याचे काम यंत्र करते. सीव्हीटी व दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची रचना याहूनही निराळी असते. या तिन्ही प्रकारांना येथे वर्णिलेला शिफ्ट किट लागू पडत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. गिअरबॉक्सचा प्रकारच बदलण्याआधी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट ठरते. हमीच्या कालावधीत व्हॉल्व्ह बॉडीत फेरफार केल्यास हमी नाकारली जाण्याची शक्यता असते.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ

एमएच २२ ही नोंदणी संज्ञा असलेल्या परभणी जिल्ह्यात मालवाहतूक मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे. सेलू व मानवत येथील कापूस, गोदावरीकाठचा ऊस आणि सर्वत्र होणारे सोयाबीन यांची ने-आण ट्रक, पिकअप व ट्रॅक्टरने होते. कल्याणहून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी, मानवत व परभणी या मार्गाने जिल्हा ओलांडतो. या वाहतुकीत हाताच्या गिअरबॉक्सचेच प्राबल्य आहे.

तथापि स्वयंचलित गाड्यांची संख्या वाढत असताना येथील हवामान विचारात घेण्याजोगे आहे. मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, तर हिवाळ्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरातील किमान तापमान एकअंकी नोंदवले जाते. उन्हाळ्यात बाहेरची हवाच तापलेली असल्याने कूलरची क्षमता घटते. थंडीच्या पहाटे दाट झालेले तेल गरम होईपर्यंत पहिले बदल जड वाटू शकतात. बाजार समितीसमोरील रांगेत थांबत-सरकत पुढे जाणे, जिंतूर तालुक्यातील चढ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा निसरडा चिखल या तिन्ही परिस्थितींत टॉर्क कन्व्हर्टर व क्लच प्लेटा अधिक तापतात.

अशा वापरात पहिला क्रम तेल वेळेवर बदलण्याचा, दुसरा कूलर व त्याची जाळी चिखल-धुळीपासून स्वच्छ ठेवण्याचा आणि तिसरा क्षमतेपेक्षा अधिक भार न लादण्याचा आहे. शिफ्ट किटचा विचार यानंतर, आणि तोही गिअरबॉक्स उघडण्याची वेळ आल्यावरच केला जातो. नव्या पिकअप गाड्यांतील संगणकनियंत्रित व्हॉल्व्ह बॉडीत जुन्या पद्धतीने अंदाजाने छिद्रे मोठी करणे टाळावे. त्या विशिष्ट गिअरबॉक्ससाठी तयार केलेले भाग व उत्पादकाची दुरुस्ती-पुस्तिका उपलब्ध नसल्यास मूळ रचना कायम ठेवणेच सुरक्षित ठरते.

हेही पाहा

गिअरबॉक्स
टॉर्क कन्व्हर्टर
क्लच
ग्रहीय दंतचक्र